वऱ्हाडची रयत ते भारताचे नागरिक

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी काही इतिहासविषयक लिहून द्यावे असा चिटणीसांचा निरोप आला, त्या सुमारास आम्ही स्वतःच एका कागदाच्या पाठीमागे लागलो होतो. हा कागद म्हणजे पारपत्र. सर्वतोमुखी असलेले त्याचे नाव पासपोर्ट. आमचे थोरले चिरंजीव वीस वर्षांपूर्वी शिक्षणासाठी अमेरिकेस गेले व तेथेच नोकरीस लागले. बऱ्याच प्रतीक्षेनंतर त्यांस तेथील कायम रहिवाशाचा दाखला, ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात, तो मिळाला. आणि आता त्यावर पाच वर्षे लोटल्यामुळे त्यांनी तेथील नागरिकत्वासाठी अर्ज केला. ‘शपथविधीस तुम्ही दोघांनी यावे, तेवढे पासपोर्टचे करून ठेवा,’ असे त्यांनी फोनवर कळविले.

आम्हास आनंद झाला हे खरे. परंतु फोन खाली ठेवताच घरातून प्रश्न आला, ‘म्हणजे आता तो आपल्या देशाचा राहणार नाही का?’ आम्ही चौतीस वर्षे शिक्षकी केली, नागरिकशास्त्राचे धडे शेकडो मुलांकडून पाठ करून घेतले. पण या साध्या प्रश्नास आम्हास चटकन उत्तर देता आले नाही. ‘तुझे आजेसासरे तरी कोणत्या देशाचे होते?’ असा उलट प्रश्न आम्ही केला आणि वेळ मारून नेली. मात्र तो उलट प्रश्नच पुढे आम्हास स्वस्थ बसू देईना. त्याचा जो मागोवा घेतला तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचे वडील १९३१ साली मेहकर तालुक्यात जन्मले. त्यांच्या जन्माची नोंद गावच्या कोतवाल बुकात आहे व तिची नक्कल आमच्या संग्रही आहे. जातीच्या दाखल्यासाठी अशा नकला काढण्याची खटपट आपल्या समाजातील बहुतेक घरांनी केलेली असल्यामुळे कोतवाल बुक म्हणजे काय हे येथे सांगावयास नको. आजोबा त्याच गावचे. आजी मात्र जालन्याकडची, म्हणजे आपल्याकडे ज्यास मोगलाई म्हणत त्या निजामी मुलखातली. तिच्या माहेरी हाली शिक्क्याचा रुपया चाले, सासरी कलदार. सरहद्द ओलांडताना करोडगिरीचे नाके लागे आणि लुगड्याचे बोचके सोडून दाखवावे लागे, असे ती सांगे. तेव्हा आजी निजामाची रयत व आजोबा इंग्रजांची, असेच आमच्या घरी सर्वांस वाटत असे, आणि भांडण झाले म्हणजे आजोबा तिला ‘मोगलीण’ म्हणून चिडवीत असत.

परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहता आजोबांचे हे चिडविणे निराधार होते. तेही निजामाचीच रयत होते!

ही गोष्ट पुष्कळांस विलक्षण वाटेल, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. निजामाच्या नावावर पोसली जाणारी, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमतीखालची एक फौज होती; तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि २१ मे १८५३ च्या तहाने त्याने वऱ्हाड, तसेच धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत त्या खर्चापोटी इंग्रजांच्या हाती दिले. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, इंग्रजांस मिळाला तो कारभार; प्रांताचे स्वामित्व निजामाकडेच राहिले. आपल्या शेतकरी बंधूंस हे समजावयास जड नाही. सातबारा एकाचा आणि वाहिती दुसऱ्याची, असाच हा प्रकार होता. दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळविण्यासाठी आयुष्यभर खटपट केली, ती व्यर्थ गेली. पुढे लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेस गेले आणि ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड वर्षाकाठी २५ लाख रुपये घेऊन कायमच्या पट्ट्याने इंग्रजांस देण्यात आला. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. निजाम उस्मान अली यांनी १९२३ साली पुन्हा मागणी केली. तिला लॉर्ड रीडिंग यांनी १९२६ च्या मार्च महिन्यात जे उत्तर धाडले, ते संस्थानिकांस त्यांची पायरी दाखविणारे म्हणून प्रसिद्ध आहे.

म्हणजे जमीन निजामाची, तलाठी व तहसीलदार इंग्रजांचे, आणि मध्ये आपले वाडवडील. हा केवळ शब्दच्छल होता असे कोणी समजू नये. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे तेथील कायदे आपोआप येथे लागू होत नसत. परमुलखातील अधिकारक्षेत्र म्हणून ते वेगळ्या हुकमाने लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर कायदेमंडळे आली, निवडणुका झाल्या, लोकांनी मते दिली. पण वऱ्हाडातून निवडून आलेल्या गृहस्थांची सरकारास पुन्हा ‘नेमणूक’ करावी लागे, कारण परमुलखातला मनुष्य ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात निवडून येणार कसा? लोकनायक बापूजी अण्यांसारखा पुरुष मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडची बाजू मांडीत असे, तोही कागदोपत्री नेमलेला सभासद म्हणून.

१९३५ च्या कायद्यात तर हे स्पष्ट अक्षरांत आले. वऱ्हाड व मध्यप्रांत मिळून एकच प्रांत समजावा असे त्याच्या ४७ व्या कलमात म्हटले, आणि कायद्यात जेथे जेथे बादशहाचे प्रजाजन असा उल्लेख असेल तेथे निजामाच्या वऱ्हाडी प्रजाजनांचाही समावेश समजावा अशी पुस्ती जोडली. मात्र राजनिष्ठेच्या शपथेची बाब त्यातून वगळली. इतर सर्व कामी आम्ही बादशहाच्या रयतेसारखे, आणि शपथेची वेळ आली की निजामाचे. पाठोपाठ २४ ऑक्टोबर १९३६ चा करार झाला. त्याने निजामाचे स्वामित्व पुन्हा मान्य केले आणि त्यांच्या वडील पुत्रास, आझम जाह यांस, वऱ्हाडचे युवराज ही पदवी दिली. या युवराजांनी वऱ्हाडावर एक दिवसही राज्य केले नाही. आमच्या आजोबांनी त्यांचे नाव तरी ऐकले होते की नाही, शंकाच आहे.

अशा रीतीने १८५३ पासून पुढे सुमारे पंचाण्णव वर्षे आपले पूर्वज आपल्याच गावात पिढ्यान्‌पिढ्यांचे कायम रहिवासी होते. सारा भरीत होते, पोळा करीत होते, मुंजी-लग्ने लावीत होते. परंतु ते नागरिक कोणाचेही नव्हते. नागरिक हा शब्दच त्या काळी त्या अर्थाने आपल्याकडे रूढ नव्हता. रयत होती. रयतेने द्यावयाचे असते, मागावयाचे नसते.

यातून कोणी परदेशी निघाला तर त्याच्या हाती काय असे, हाही विचार करण्याजोगा आहे. फार पूर्वी काहीच लागत नसे. आमचे वास्तव्य ज्या हिवरा आश्रम गावी आहे, त्याची ओळख कर्मयोगी शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आहे. ज्या स्वामींचे नाव आश्रमास दिले, ते ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोटीने अमेरिकेस निघाले, त्या काळी हिंदुस्थानचा किनारा सोडणाऱ्यास पारपत्राची सक्ती नव्हती. ही सक्ती पहिल्या महायुद्धाने आणली, आणि युद्ध संपले तरी ती गेली नाही. १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात येणाऱ्याकडे पारपत्र मागण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती ठेवला. त्यानंतर संस्थानी प्रजेस मिळणाऱ्या पारपत्रावर ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ असा शेरा येऊ लागला. प्रजाजनही नव्हे, केवळ संरक्षित.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रज गेले तेव्हा ही सर्व गुंतागुंत एकदम उघडी पडली. पट्टेदार निघून गेला, मग पट्टा कोणाचा? निजामाने वऱ्हाडावर हक्क सांगितला. नागपूरचे सरकार मात्र पूर्ववत् कारभार पाहत राहिले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला खरा, पण पुढील दहा महिने कसे गेले हे सरहद्दीवरच्या गावांस ठाऊक आहे. रझाकारांच्या भयाने मोगलाईतील कुटुंबे रात्री-अपरात्री वऱ्हाडात येत. आजीच्या माहेरची नऊ माणसे आमच्या घराच्या ओसरीवर चार महिने राहिली होती, असे वडील सांगत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला सर्व आटोपले. ओसरीवरची मंडळी परत गेली. एक आतेआजी मात्र येथेच राहिली.

इकडे दिल्लीस घटना समितीत नागरिक कोणास म्हणावे याची चर्चा ऑगस्ट १९४९ मध्ये झाली. मसुदा समितीस या कलमाइतका ताप दुसऱ्या क्वचितच कलमाने दिला असेल, असे डॉ. आंबेडकरांनी सभागृहात सांगितले. फाळणीमुळे लक्षावधी लोक इकडून तिकडे व तिकडून इकडे जात असताना रेघ ओढावयाची होती. या चर्चेत आपल्या वऱ्हाडचा आवाज मोठा होता. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी तक्रार केली की, मसुद्याप्रमाणे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. हिंदू वा शीख असून अन्य देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येकास नागरिकत्वाचा हक्क असावा अशी त्यांची दुरुस्ती होती. ती फेटाळली गेली, आणि ती फेटाळली गेली हेच योग्य झाले असे आम्हास वाटते. ज्या शिक्षणमहर्षींच्या संस्थांमुळे वऱ्हाडातील शेतकऱ्यांची मुले शिकली त्यांच्याविषयीच्या आदरास त्यामुळे उणेपणा येत नाही. पण आम्हास कौतुक निराळ्याच गोष्टीचे वाटते. जो प्रांत दोन-अडीच वर्षांमागे कायद्याने परमुलूख होता, तेथील मनुष्य साऱ्या देशाचे नागरिकत्व महाग असावे की स्वस्त, यावर बोलत होता!

अखेरीस जे पाचवे कलम मंजूर झाले ते अगदी साधे आहे. ज्याचा अधिवास भारतात आहे, आणि जो स्वतः येथे जन्मला, किंवा ज्याची आई वा बाप येथे जन्मला, किंवा जो लगत पाच वर्षे येथे सामान्यतः राहिला, तो भारताचा नागरिक. राजा कोण, तह कोणता, पट्टा कोणाचा, हे काही विचारावयाचे नाही. आमच्या आजोबांना अर्ज करावा लागला नाही, फी भरावी लागली नाही, शपथ घ्यावी लागली नाही. बहुधा ते त्या दिवशी कपाशीच्या शेतात असतील. दिवसही बहुतेकांस ठाऊक नसतो. आपण २६ जानेवारीस झेंडावंदन करतो, पण नागरिकत्वाची कलमे ३९४ व्या कलमान्वये तत्काळ अमलात आली, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. प्रजासत्ताक होण्याच्या दोन महिने आधी त्याचे नागरिक तयार झाले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने जन्म, वंश, नोंदणी, देशीयकरण व प्रदेशाचे सामिलीकरण असे पाच मार्ग ठरविले. पाचव्या मार्गाचे उदाहरण आपल्या शेजारी गोव्याचेच आहे. १९६२ च्या हुकमाने, ज्यांचा स्वतःचा किंवा आईबापाचा वा आजाआजीचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे झाला होता ते सर्व त्या दिवसापासून भारतीय झाले. ज्यांस पोर्तुगीज राहावयाचे होते त्यांनी एक महिन्यात तसे लिहून द्यावयाचे होते. परकीयास देशीयकरणाने नागरिक व्हावयाचे असेल तर आज अर्जापूर्वीचे पूर्ण एक वर्ष व त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे येथे राहावे लागते, आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा पुरेशी यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी आहे. एखादा परदेशी गृहस्थ केवळ आपल्या मराठीच्या बळावर ही अट पुरी करू शकतो, हे वर्गात सांगताना आम्हास नेहमी अभिमान वाटे. जन्माचा मार्ग मात्र अरुंद होत गेला. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो.

पारपत्राचेही असेच स्थित्यंतर झाले. १९६७ पर्यंत ते देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते. त्या वर्षी एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सोहनी यांच्या खटल्यात निर्णय दिला की, परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे व कायद्यावाचून तो अडविता येणार नाही. मग कायदा करणे भाग पडले. २४ जून १९६७ चा पारपत्र कायदा तो हाच. मेनका गांधी खटल्यातील १९७८ च्या निकालाने तो हक्क अधिक भक्कम झाला. आपल्याच विदर्भाचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण याच संदर्भात आठवते. वर्ध्यास जन्मलेला हा पुरुष गदर पक्षात वावरून पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी येण्याचा परवाना मागितला तर तो प्रथम नाकारला गेला, कारण इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव कोणी खोडलेच नव्हते! पुढे ती चूक दुरुस्त झाली व त्यांचा अंत १९६७ साली नागपुरासच झाला.

आता आमच्या स्वतःच्या पारपत्राकडे वळतो, कारण येथे आम्हास एक कबुली द्यावयाची आहे. आमच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५९ आहे. आमच्या मातुःश्री सांगत की, तुझा जन्म पोळ्याच्या करीचा. म्हणजे ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबर. ग्रामपंचायतीकडून आणलेल्या उताऱ्यात सप्टेंबरची तारीख निघाली, दाखल्यात जूनची, आणि खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने दोन्ही कागद आमच्यापुढे सरकवून विचारले, ‘गुरुजी, यातले खरे कोणते?’ आम्ही निरुत्तर झालो. त्याची चूक नव्हती. आमची फाईल बाजूला ठेवली गेली, शपथपत्र व आणखी कागद आणावयास सांगितले गेले, आणि दोन महिन्यांत तीन खेपा झाल्या.

आमची तारीख आमच्या गुरुजींनी लिहिली होती. ते आज हयात नाहीत. परंतु पुढे आम्ही स्वतः नोकरीत असताना काय केले? जून महिन्यात बाप पोराचे बोट धरून येई. जन्म कधीचा म्हणून विचारले तर ‘त्या साली विहिरीला पाणी लागलं तवाचा’ असे सांगे. आम्ही सहा वर्षे वजा करून १ जून लिहीत असू. पंचायतीचा उतारा आण म्हणून त्यास परत पाठविले तर पोर पुन्हा येणार नाही, गुरांमागे जाईल, ही भीती असे. त्या भीतीत तथ्य होते, आणि आज तोच प्रसंग आला तर आम्ही कदाचित पुन्हा तसेच करू. पण त्या तारखा आता मोठ्या झाल्या आहेत. त्या पोरांच्या नोकरीच्या पुस्तकात, बँकेत, पारपत्रावर जाऊन बसल्या आहेत. एका वर्गात अकरा जणांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, हे आम्ही हौसेने सांगत असू. खिडकीसमोर उभे राहिल्यावर ते हसू मावळले.

म्हणून सभासदांसाठी एवढी माहिती नमूद करतो. २६ जानेवारी १९८९ पूर्वी जन्मलेल्यांस शाळेचा दाखला चालत असे; त्यानंतरच्यांस जन्माचाच दाखला लागे. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट सैल होऊन सर्वांस शाळेचा दाखला आदी पर्याय मोकळे झाले. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या बालकांस जन्मनोंदणीचा दाखला हाच एकमेव पुरावा ठरविलेला आहे. घरी नातवंड झाले की बारशाच्या आधी नोंद करावी. आपल्या जिल्ह्याचे पारपत्राचे काम नागपूर कार्यालयाच्या अखत्यारीत येते. छत्तीस पानी पारपत्राची फी १,५०० रुपये असून साठ वर्षांवरील व्यक्तीस तीत दहा टक्के सूट आहे. ती आम्ही घेतली.

राहिला घरातला प्रश्न. त्याचे कायद्यातील उत्तर कठोर आहे. भारताचा नागरिक स्वखुशीने दुसऱ्या देशाचा नागरिक झाला की त्या क्षणी तो भारताचा उरत नाही. वेगळा हुकूम काढावा लागत नाही. ग्रीन कार्ड असेपर्यंत मनुष्य भारताचाच असतो व पारपत्रही आपलेच बाळगतो. शपथेनंतर ते पारपत्र परत करावे लागते. अमेरिकेच्या शपथेत तर पूर्वीच्या निष्ठेचा त्याग उच्चारावाच लागतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर परदेशस्थ भारतीयाचे जे ओसीआय कार्ड मिळते, त्याने आजन्म येता-जाता येते, घर घेता येते. मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेत वारशाने मात्र येऊ शकते. हे शेवटचे वाक्य आम्ही घरात दोनदा वाचून दाखविले.

आमची पारपत्रे स्पीड पोस्टाने आली. आमच्यावर तारीख १ जूनचीच आहे. सर्व आयुष्य तिच्यावर उभे असल्याने तीच राखणे सोयीचे, असे ठरले. शपथविधी पाहून आलो. एका सभागृहात कित्येक देशांचे लोक उजवा हात वर करून उभे होते. आमच्या सौभाग्यवतींनी सबंध वेळ चिरंजिवांकडे पाहिलेच नाही, खिडकीबाहेर पाहत राहिल्या. निघताना चिरंजिवांनी आपले जुने पारपत्र, वकिलातीतून रद्द होऊन परत आलेले, त्यांच्या हाती दिले. ते आता आमच्या पेटीत कोतवाल बुकाच्या नकलेवर ठेवलेले आहे. त्यावरील जन्मस्थानाच्या रकान्यात मेहकर तालुक्यातील आमचे गाव आहे, आणि जन्मतारीख खरी आहे. ती आम्ही स्वतः पंचायतीत जाऊन नोंदविली होती.